आकाशातल्या लोखंडाचा फेरफार

(नाते, ता. महाड येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पहिल्या रांगेतून एक डबी फिरायला सुरुवात झाली आहे. तिच्यात काडेपेटीएवढी धातूची एक चकती आहे. ती हातात घ्या, दिव्याकडे धरून थोडी तिरपी करा आणि मग शेजाऱ्याला द्या. एकच विनंती आहे, बोटं कोरडी असू द्या. या धातूला आपली दमट हवा सोसत नाही. गेल्या पावसाळ्यात मी महाडला मुक्कामाला होते, तेव्हा डबीतली ओल शोषणारी पुडी बदलायची राहून गेली आणि चकतीच्या एका कडेला गंज चढला. तो तांबूस डाग तुम्हालाही दिसेल. चूक माझीच आहे.

चकती तिरपी केली की तिच्यावर पट्टे उजळतात. काही एका दिशेने जातात, काही त्यांना छेदून दुसऱ्या दिशेने. आपल्याकडे कारवीचा कूड सारवण्याआधी जसा दिसतो, कामट्या एकमेकींना छेदत गेलेल्या, तसंच हे नक्षीकाम केल्यासारखं विणकाम आहे. मात्र ही नक्षी कुणी कोरलेली नाही. धातू आतून आरपार अशीच आहे. कुठेही कापा, हीच वीण दिसेल.

हा तुकडा स्वीडनच्या अगदी उत्तरेकडचा, मुओनियोनालुस्ता नावाच्या उल्केचा. १९०६ साली तिथे गुरं राखणाऱ्या दोन मुलांना तिचा पहिला तुकडा सापडला. पोलादपूरच्या एखाद्या वाडीवरची मुलंही दगडांना अशीच ठोकर मारत गुरांमागे जातात, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते. त्या मुलांना सापडलेलं लोखंड सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी गोठलेलं आहे. तेव्हा सह्याद्री नव्हता. पृथ्वीसुद्धा अजून पुरती जमून आली नव्हती.

चिंतामणरावांच्या जन्मगावी, त्यांच्या स्मरणार्थ बोलायचं आणि विषय निवडायचा धातूचा, याचं कुणाला नवल वाटेल. चिंतामणराव देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे अर्थमंत्री, हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे. पण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकायला गेले नव्हते. त्यांनी निसर्गविज्ञान घेतलं होतं: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्राचं पारितोषिकही त्यांनी मिळवलं. म्हणजे दगड हातात घेऊन त्याच्यातली खनिजं ओळखण्याचा अभ्यास या गावात जन्मलेल्या मुलाने रीतसर केलेला होता. त्यांच्या जन्माच्याच साली, १८९६ मध्ये, शार्ल एदुआर गियोम या शास्त्रज्ञाला लोखंड आणि निकेलच्या एका मिश्रणाचा विलक्षण गुण सापडला. निकेल ३६ टक्के ठेवलं तर ती धातू उन्हाने जवळजवळ वाढतच नाही. तिला इन्व्हार म्हणतात, आणि मोजणीच्या तारांपासून घड्याळांपर्यंत ती वापरली गेली. गियोम यांना १९२० चं नोबेल मिळालं. लोखंड तेच, निकेल तेच. प्रमाण बदललं आणि स्वभाव बदलला.

निकेल तुमच्या घरातही असेल. आजोबांच्या पेटीत मागच्या बाजूला वाघ असलेला १९४७ चा रुपया आहे का पाहा. चांदी महाग झाल्यावर आधी हिणकस चांदीची आणि मग शुद्ध निकेलची नाणी आली. तो निकेलचा. नोटांवर चिंतामणरावांची सही होती तेव्हाचं हे नाणं. त्याला लोहचुंबक लावा, चिकटेल. खोलीच्या तापमानाला चुंबकाला चिकटणारी मूलद्रव्यं मोजकीच आहेत, त्यांत लोखंड, निकेल आणि कोबाल्ट येतात. आणि हीच तिन्ही आकाशातून एकत्र खाली येतात.

आता माझं काम सांगते. मी पुण्यात धातुशास्त्र शिकले आणि पुढची तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. आमच्या प्रयोगशाळेत याला ‘मायक्रो बघणं’ म्हणतात. धातूचा तुकडा कापायचा, पावडरीत बसवायचा, एमरी पेपरवर घासत घासत आरशासारखा करायचा, मग मद्यार्कात नायट्रिक आम्लाचे थेंब घालून केलेलं नायटल त्यावर काही सेकंद फिरवायचं, धुवायचं, वाळवायचं आणि बघायचं. आरशासारख्या पृष्ठभागावर आम्लाने खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या जागा वेगळ्या दिसू लागतात. धातूची अंतर्गत रचना उघडी पडते.

लोक विचारतात, रासायनिक पृथक्करण केलं की सगळं कळतंच ना, मग हे कशाला? त्यांना मी जमिनीचं उदाहरण देते. आज जमीन कुणाच्या नावावर, किती गुंठे, त्यात काय पेरलंय, हे सातबारा सांगतो. पण ती त्या नावावर आली कशी? वारसाने की खरेदीने, कधी वाटणी झाली, कोणता बोजा चढला आणि कधी उतरला, हे हवं असेल तर फेरफाराच्या नोंदी काढाव्या लागतात. पृथक्करण हा धातूचा सातबारा. आतली रचना हा तिचा फेरफार. लोखंड किती आणि निकेल किती हे पहिल्यात मिळतं. ते लोखंड किती तापलं, कसं निवलं, त्याला मार कधी बसला, हे दुसऱ्यातच.

लोहाराला हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे. कोयता लाल करून पाण्यात बुडवला की धार राहते. तोच कोयता राखेत हळूहळू निवू दिला तर मऊ पडतो. लोखंड एकच, त्यातला कार्बनही तेवढाच. फरक फक्त निवण्याच्या वेळेचा. ‘पाणी देणं’ हा शब्द ज्याने घडवला त्याला काळाचं धातूवर होणारं काम कळलेलं होतं.

डबीतली वीण प्रथम कुणी पाहिली? याचं श्रेय सहसा व्हिएन्नाच्या आलॉइस फॉन विडमानश्टेटन यांना देतात आणि वीणही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ते तिथल्या राजघराण्याच्या चिनीमातीच्या कारखान्याचे प्रमुख. १७५१ साली क्रोएशियात ह्राशिना इथे पडलेल्या लोखंडी उल्केची एक चकती त्यांनी १८०८ मध्ये आचेवर धरली. वेगवेगळ्या पट्ट्यांवर वेगवेगळे रंग चढले आणि आकृती उमटली. पण त्याआधीच, १८०४ मध्ये, नेपल्समध्ये राहणाऱ्या विल्यम थॉमसन या इंग्रज गृहस्थाने सायबेरियातून आलेल्या उल्केचा गंज काढायला नायट्रिक आम्ल लावलं होतं, आणि त्याला हीच वीण दिसली होती. त्याने ती प्रसिद्धही केली. माझ्या मते मान त्याचा आहे. गंज काढायला गेलेल्या माणसाला हे दिसलं, हे माझ्या त्या डागामुळे मला जरा जास्तच भावतं. व्हिएन्नाचे श्राइबर्स यांनी तर आणखी सुंदर गोष्ट केली. आम्ल एका प्रकारच्या पट्ट्यांना खातं, दुसऱ्याला फारसं खात नाही, त्यामुळे न खाल्लेले पट्टे किंचित वर राहतात. त्यांनी अशा चकतीला शाई लावली आणि थेट कागदावर दाबली. १८२० च्या त्यांच्या पुस्तकातलं ते चित्र कोणत्याही चित्रकाराने काढलेलं नाही. उल्केनेच आपला ठसा उमटवला.

मी स्वतः विडमानश्टेटन हे नाव प्रथम ऐकलं ते उल्केच्या संदर्भात नाहीच. पहिल्या नोकरीत, एका फोर्जिंगच्या कारखान्यात, एक आस तुटून परत आला होता. नमुना घासला, नायटल लावलं, आणि पोलादात तिरप्या सुया एकमेकींना छेदताना दिसल्या. आमचे वरिष्ठ म्हणाले, ‘विडमानश्टेटन आहे, भट्टी जास्त तापली.’ पोलादात ही रचना दोष मानतात, कारण तिने पोलाद ठिसूळ होतं. ती काही मिनिटांत तयार होते आणि तिच्या सुया बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. पुढे कित्येक वर्षांनी मी उल्केची चकती पाहिली तेव्हा तीच रचना नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. तेव्हापासून मला एकाच प्रश्नाने धरून ठेवलं आहे. मिनिटांत सुई होते, तर एवढा रुंद पट्टा व्हायला किती काळ लागला असेल?

त्याचं उत्तर शोधण्याची रीत सांगते. ती समजली तर बाकी भाषण विसरलात तरी चालेल.

ही धातू नऊशे अंश सेल्सिअसला असते तेव्हा तिच्यात लोखंड आणि निकेल एकजीव असतात. त्या एकजीव रूपाला टेनाइट म्हणतात. निवता निवता, सातशेच्या आसपास, तिच्यातून दुसरं रूप फुटू लागतं, ते कॅमासाइट. कॅमासाइटमध्ये निकेल मावतं फार तर पाच ते सात टक्के. त्यामुळे कॅमासाइटचा पट्टा जाडावत जातो तसं तो आपल्यातलं जादा निकेल शेजारच्या टेनाइटमध्ये ढकलतो. पट्टे कुठल्याही दिशेने वाढत नाहीत. टेनाइटच्या अणूंच्या मांडणीत अष्टफलकाच्या पृष्ठांसारख्या चार दिशा ठरलेल्या असतात, त्याच धरतात. म्हणून ती कारवीची वीण. हे सुरू व्हायला थोडं फॉस्फरसही मदत करतं. १८६१ मध्ये रायशेनबाख यांनी या रूपांची नावं ठेवली. त्यांत टेनाइट म्हणजे फीत. आणि बघा, डबीतल्या रुंद पट्ट्यांच्या कडेने चकाकणारी जी बारीक रेघ दिसते ती तीच फीत.

आता महाड स्टँडवरची एस.टी. डोळ्यांपुढे आणा. सुट्टीचा दिवस, गाडी लागली, आणि समजा तिला पुढे-मागे दोन दारं आहेत. दोन्हीकडून माणसं चढतात. आत शिरलेला माणूस गर्दीतून सरकतो, पण हळू. कंडक्टर ओरडतो, ‘मध्ये जागा आहे, मध्ये सरका!’ दाराशी चेंगराचेंगरी आणि मधली जागा मोकळी. गाडी स्टँडवर तासभर उभी राहिली तर माणसं सावकाश पसरून मध्यही भरेल. पाच मिनिटांत सुटली तर मध्य रिकामा राहील. आता तुम्ही स्टँडवर नव्हता, पण कुणी सुटलेल्या गाडीचा फोटो दाखवला, तर मध्ये किती माणसं आहेत एवढ्यावरून गाडी किती वेळ थांबली होती हे सांगू शकाल ना?

टेनाइटची फीत ही ती गाडी. निकेलचे अणू दोन्ही कडांनी आत ढकलले जातात. धातू गरम असेतो ते सरकतात. चार-पाचशे अंशांच्या खाली जवळजवळ थिजतात. ती गर्दी कायमची गोठते, कडांना दाट, मध्ये विरळ. आलेख काढला तर इंग्रजी एम अक्षरासारखा दिसतो. हे मोजणार कसं? रेमों कास्तें यांनी १९५१ मध्ये पॅरिसला आपल्या प्रबंधात एक यंत्र मांडलं. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत एका सहस्रांश मिलिमीटरएवढ्या ठिपक्यावर पाडतात आणि तिथून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून तिथलं निकेल मोजतात. १९६४ मध्ये जॉन वुड यांनी आणि १९६५ मध्ये गोल्डस्टाइन व ओगिल्व्ही यांनी या यंत्राने फितींचे आलेख काढले आणि त्यांवरून निवण्याचा वेग मांडला. उत्तर आलं दहा लाख वर्षांत काही अंश ते काही शे, क्वचित काही हजार अंश! दहा लाख वर्षांत काही अंश. मी हा आकडा इतक्यांदा शिकवला आहे, तरी तो उच्चारताना अजून थांबावं लागतं.

एवढं सावकाश निवायचं तर वर पांघरूण हवं. उघड्या अंतराळात धातूचा गोळा असा निवणार नाही. म्हणजे हे लोखंड एखाद्या लहान ग्रहाच्या पोटात होतं, वरून शेकडो नाही तरी दहा-वीस-पन्नास किलोमीटर खडक. त्या ग्रहाचं लोखंड वितळून खाली बसलं, त्याचा गाभा झाला, आणि मग टकरींनी तो ग्रह फुटला. आपल्या पृथ्वीचा गाभाही लोखंड-निकेलचाच आहे, पण त्याच्यापर्यंत आपण कधीच पोचणार नाही. दुसऱ्या कुणाच्या गाभ्याचा तुकडा मात्र आत्ता चौथ्या रांगेत फिरतो आहे.

आणि हा तुकडा थोडा विशेष आहे. तो उल्कांच्या ज्या गटात मोडतो, त्या गटाच्या सगळ्या उल्का एकाच वेगाने निवलेल्या असतील असं वाटलं होतं. कारण जाड खडकाच्या पांघरुणाखालचा गाभा सगळीकडून सारखाच निवतो. आपण गोधडीत झोपल्यावर हातपाय सारखेच उबदार राहतात तसा. पण २००७ मध्ये यांग, गोल्डस्टाइन आणि स्कॉट यांनी मोजलं तर काही उल्का दहा लाख वर्षांत शंभर अंश या वेगाने आणि काही साडेसहा हजारांहून जास्त वेगाने निवलेल्या निघाल्या. एकाच गाभ्यात एवढा फरक पडायचा तर गाभा उघडा असला पाहिजे: बाहेरचा भाग भरभर निवला, आतला सावकाश. त्यांनी मांडलं की सुमारे तीनशे किलोमीटर व्यासाचा एक धातूचा गोळा होता, आणि त्याच्यावरचा खडक, गाभा अजून वितळलेला असतानाच, एखाद्या मोठ्या टकरीत उडून गेला होता. डोळ्यांनी कुणी पाहिली नाही, अशा टकरीची ही नोंद निकेलच्या गर्दीत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नासाने सायकी नावाच्या लघुग्रहाकडे यान पाठवलं आहे. तो बऱ्याच अंशी धातूचा असावा असा कयास आहे. ते २०२९ मध्ये तिथे पोचायचं आहे. जाऊन प्रत्यक्ष बघणार.

फितीच्या अगदी कडेला आणखी एक बारीक पदर असतो. तीनशेवीस अंशांच्या खाली तिथे लोखंड आणि निकेलचे अणू निम्मे निम्मे, एकाआड एक थरांत बसतात. हे टेट्राटेनाइट, उत्तम चुंबक. निवताना भोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर त्याची दिशा त्यात टिकून राहते. २०१५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दोन उल्कांमधून एका लघुग्रहाच्या गाभ्याचं विझत गेलेलं चुंबकत्व असंच वाचून काढलं.

एवढी जुनी नोंद पुसायला किती वेळ लागतो, तेही सांगते. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधरजवळ आकाशातून लोखंड पडलं. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं आहे. वजन १६० तोळे. त्याने उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला तलवार, कट्यार आणि सुरी करायला सांगितलं. नुसतं ते लोखंड हातोड्याखाली टिकेना, फुटू लागलं. मग तीन भाग ते आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी झाली. यातलं एक पातं आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मोगल कारागिराचं ते उत्तम काम आहे, यात वाद नाही. पण भट्टीत लोखंड पुन्हा तापून एकजीव झालं त्या क्षणी त्याचा फेरफार गेला. सातबारा उरला असेल. निकेल अजून मोजता येईल. ते कुठून आलं, कसं निवलं, हे आता कळणार नाही. मला त्या कारागिराचा राग येत नाही. मला त्या १६० तोळ्यांतला एक तोळा कुणी बाजूला ठेवला असता तर, असं वाटत राहतं.

महाराष्ट्रात लोखंडी उल्का पडल्याच्या नोंदी मला माहीत नाहीत म्हणून मी तुम्हाला स्वीडनला नेलं, पण आता घरी येऊ. जामखेडला १८६६ मध्ये, सातारा जिल्ह्यात कळंबीला १८७९ मध्ये उल्का पडल्या आहेत. त्या दगडी. अलीकडची म्हणजे काटोलची. २२ मे २०१२, दुपारी दोनच्या सुमारास नागपूर जिल्ह्यात संत्र्यांच्या त्या गावावर स्फोटासारखे आवाज झाले आणि दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी गोळा केले. तीसच्या वर तुकडे, मिळून तेराएक किलो. हाही दगडच, पण त्याच्या चिरेत बारीक बारीक धातूचे कण चमकतात. तेच कॅमासाइट, तेच टेनाइट. कण लहान असल्याने कारवीची वीण नाही. काटोलचा दगड ज्या प्रकारचा आहे, त्या प्रकारचे दगड आपल्या मूळ ग्रहात खूप तापून मग फार सावकाश निवलेले असतात. ही झाली पहिली नोंद.

दुसरी नोंद त्याच दगडात बारीक काळ्या शिरांत आहे. कुठल्यातरी टकरीचा धक्का बसला, शिरेतला दगड वितळला आणि लगेच गोठला. तिथे धातू आणि गंधकाची संयुगं एकमेकांत गुंतलेली दिसतात. २०२१ मध्ये खरगपूरच्या आयआयटीचे सुजय घोष आणि सहकाऱ्यांनी याच शिरांत ब्रिजमनाइट सापडल्याचं प्रसिद्ध केलं. हे खनिज पृथ्वीच्या खोल प्रावरणात सर्वांत विपुल, पण तिथून आपल्या हाती येत नाही. काटोलच्या दगडात ते २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहून जास्त दाबाखाली, तयार झालं. लाखो वर्षांची एक नोंद आणि क्षणभराची दुसरी, शेजारी शेजारी, संत्र्यांच्या गावात पडलेल्या एका दगडात! तो कुणी भट्टीत घातला नाही, फोडून बघितला नाही, म्हणून या नोंदी वाचता आल्या.

तुमच्या शेतात असं काही मिळालं तर काय कराल? नातेखिंडीतून येताना दोन्ही बाजूंना जो काळा कातळ दिसतो तो बेसॉल्ट. त्याच्या शंभर भागांत दहाएक भाग लोखंडच आहे, पण ते प्राणवायूशी बांधलेलं. त्याला चुंबक किंचित लागतो, आणि लोक फसतात. जांभ्याचे गोटेही जड, लालकाळे. उल्केवर पातळ काळी साल असते, अंड्याच्या टरफलासारखी. तिच्या आत चिरेत धातू चमकतो. आणि खात्रीची खूण निकेल: प्रयोगशाळेत डायमिथाइलग्लायोक्झाइम लावलं की गुलाबी लाल रंग येतो. तोवर तापवू नका, पाण्यात घालू नका, हातोडा मारू नका. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा.

आज सकाळी इथल्या शाळेतला सातवीतला एक मुलगा मला अशीच एक वस्तू कागदात गुंडाळून देऊन गेला. न सांगता त्याने नेमकं तेच केलं होतं. नांगरताना निघाली म्हणे. मुठीएवढी, काळी, जड. मी भिंगाने पाहिली. आत बुडबुड्यांची भोकं आहेत, काही ठिकाणी काचेसारखी चमक आहे. उल्केत अशी भोकं सहसा नसतात. ही आकाशातली नाही. हा कीट आहे, लोखंड गाळताना किंवा तापवताना भट्टीत उरणारा मळ. आयुर्वेदात यालाच मंडूर म्हणतात, आणि तो जितका जुना तितका औषधाला चांगला मानतात.

मुलाचा चेहरा उतरला. पण त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. या शिवारात कधीतरी कुणीतरी भट्टी पेटवली होती, भाता मारला होता. भट्टी किती तापली, कीट कसा निवला, त्यात लोखंडाचे कण राहिले का, हे या तुकड्याच्या आत आहे. त्याच्या परवानगीने मी त्याची नखाएवढी एक चकती कापणार आहे, बाकीचा तुकडा त्याच्याकडेच राहील. घासून, नायटल लावून फोटो काढीन आणि काय दिसलं ते मराठीत लिहून शाळेच्या पत्त्यावर त्याच्या नावाने पाठवीन. डबी आता मागच्या रांगेतून परत येताना दिसते आहे. ती माझ्याकडे द्या, पुडी बदलायची आहे.